काठावर उतरल्यावाचून

वाचकहो, दिवाळी आटोपली, कापूस घरात येऊ लागला आणि संत्र्याच्या बागांतून गाड्या भरून जाऊ लागल्या, की आमच्या तिगाव-पांढुर्ण्याकडील घराघरांत एक प्रश्न हटकून निघतो : एका दिवसाची सहल कोठे काढावी? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मुलताई किंवा नागपूर. अलीकडे मात्र मुले एका आवाजात सांगतात, ‘नावेत बसावयाचे.’ मागणी रास्त आहे. ज्यांच्या गावची नदी पावसाळ्यात चार दिवस गर्जते आणि वैशाखात दगडगोटे उघडे टाकून निजते, त्यांच्या मुलांस भरल्या पाण्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच होय.

आमची तक्रार नावेबद्दल नाही. ती आहे नावेत बसून झाल्यावर जे घडते त्याबद्दल. कुटुंब मोठ्या हौसेने शंभर-दीडशे किलोमीटर जाते, पाण्यावर अर्धा तास फिरते, छायाचित्रे काढते, काठावरच्या दुकानातील भजी खाते आणि आल्या वाटेने परतते. घरी आल्यावर ‘काय पाहिले?’ असे विचारले तर उत्तर मिळते, ‘पाणी पाहिले.’ आता पाणी हे पहाण्यासारखे आहेच. तथापि नाव ही मुळात काठाला लागण्यासाठी असते, हे आपण विसरतो. पलीकडे कोण राहतो, तो काय खातो, काय पिकवितो, त्याच्या गावाची कथा काय, हे ज्याने पाहिले नाही त्याचा नावेचा प्रवास अर्धाच झाला असे आम्ही मानतो. म्हणून या वेळी आम्ही नावेविषयी थोडे व काठाविषयी अधिक लिहिण्याचे ठरविले आहे. त्यासाठी स्थळ निवडले आहे ते भंडारा शहराच्या खालच्या अंगाचे वैनगंगेचे पात्र व अंभोरा येथील संगम.

हेच स्थळ का, असे कोणी विचारील. कारण ते पाणी आपलेच आहे. पांढुर्णा व सावरगाव यांच्या मधून वाहणारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे सर्वदूर माहीत झालेली आपली जाम नदी पुढे सौंसर तालुक्यातून जाऊन कन्हानेस मिळते. कन्हान छिंदवाड्याच्या सातपुड्यात उगम पावते, नागपूर जिल्ह्यात उतरते, कामठीच्या परिसरात पेंच व कोलार यांस पोटाशी घेते आणि अंभोऱ्यापाशी वैनगंगेत विसर्जित होते. वैनगंगाही परकी नव्हे. तिचा उगम शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे. आपल्या पलीकडच्या मुलताईच्या पठारावर उगवलेली वर्धा नदी मात्र निराळ्या वाटेने निघते आणि पार दक्षिणेस चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते. तेथून दोघींचे नाव प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. शेजारच्या घरी जन्मलेल्या दोन मुलींनी दूरदूरच्या गावी नांदून म्हातारपणी एका अंगणात भेटावे, तशी ही गोष्ट आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर-भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपली सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मुलूखपट्टी मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हाही झाला. कागदावरच्या रेषा अशा हलत राहिल्या. पाणी मात्र आपल्या जुन्याच वाटेने जात राहिले. अंभोऱ्याच्या काठावर उभे राहणाऱ्या तिगावकराने आपण पाहुणे आहोत असे समजू नये. आपण खालच्या आळीतील सोयऱ्याकडे आलो आहोत असे समजावे.

जावयाचे कसे, हे थोडक्यात सांगतो. तिगावहून वा पांढुर्ण्याहून रेल्वेने किंवा मोटारीने नागपूर गाठावे. नागपूरहून भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर आहे. वाटेत मौद्याच्या अलीकडे महामार्ग कन्हानेवरून जातो. मुलांस तेथे जागे करून सांगावे, ‘आपल्या जामचे पाणी येथवर पोहोचले बघा.’ रेल्वेने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की ‘भंडारा रोड’ हे स्थानक शहरात नसून वरठी येथे आहे आणि तेथून शहरात येण्यास दुसरे वाहन करावे लागते. अंभोरा हे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर. पलीकडे भंडारा जिल्हा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऊन सोसवते, हवा स्वच्छ असते आणि पाणीही भरलेले असते.

नावेविषयी चार शब्द बोलून मग काठावर उतरू. जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे बंद बांधल्यावाचून लहानथोर कोणीही नावेत पाय ठेवू नये. नावाड्यापाशी जाकीट नसेल तर त्या नावेत बसू नये. ‘आणखी दोघे मावतील’ असे कोणी म्हणू लागला तर आपण होऊन खाली उतरावे. मध्यप्रवाहात उभे राहणे, छायाचित्रासाठी एका बाजूस गोळा होणे, हात पाण्यात सोडून बसणे, हे सर्व वर्ज्य समजावे. वारा सुटला किंवा नावाडी ‘आता नको’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. नदी त्याची आहे, आपली फक्त सुट्टी आहे.

आता उतरू या. अंभोऱ्यास पहिले काम टेकडी चढण्याचे. वर चैतन्येश्वराचे देवालय आहे. देवस्थान आपल्या धर्माचे असो वा नसो, पाहुण्याने पायताण बाहेर काढावे, आवाज खाली ठेवावा आणि पूजेस आलेल्यांची वाट अडवू नये. एवढे साधले की कोठेही आपले स्वागतच होते. टेकडीवरून पाहिले असता नद्यांचा संगम हातावरच्या रेषांसारखा दिसतो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा व कोलारी अशा पाच नद्या येथे एकत्र येतात असे तेथील लोक सांगतात. धरणाच्या फुगाऱ्यामुळे आता त्या निरनिराळ्या ओळखू येत नाहीत. सगळे एकच विस्तीर्ण पाणी. मुलांस नकाशा काढावयास सांगावा. कोणती नदी कोणत्या दिशेने आली हे ज्याला बोटाने दाखविता आले, त्याने भूगोलाचा एक धडा कायमचा शिकला.

या टेकडीचे दुसरे महत्त्व मराठी भाषेला आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, हा त्याचा परंपरेने सांगितलेला काळ. ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षे आधीचा. त्या काळाविषयी व स्थळाविषयी विद्वानांत वाद आहेत. मराठवाड्यातील अंबाजोगाई आपला हक्क सांगते व मुकुंदराजांची समाधीही तेथे दाखविली जाते. परंतु ग्रंथात वैनगंगेच्या तीराचा निर्देश आहे, या आधारावर वैदर्भीय परंपरा अंभोऱ्याकडे बोट दाखविते. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधीही येथेच असल्याचे मानतात. वाद विद्वानांनी सोडवावा. आपण मुलांस एवढेच सांगावे, की ज्या भाषेत आपण घरी बोलतो, ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो, तिच्यात ग्रंथरचनेचा पहिला प्रयत्न जेथे झाला असे म्हणतात, त्या काठावर तुम्ही उभे आहात. राज्याच्या शाळेत हिंदी शिकणाऱ्या आपल्या मुलांस हे सांगणे आवश्यक आहे. मराठी त्यांना स्वयंपाकघरापुरती ठाऊक असते; तिचे घर एवढे जुने व मोठे आहे, याची त्यांना कल्पना नसते.

खाली उतरल्यावर पूल पहावा. २०२४ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल जाड तारांनी तोलून धरलेला असून सुमारे सातशे मीटर लांब आहे, आणि मध्यभागी उंचावर नदी न्याहाळण्यासाठी सज्जा केलेला आहे. नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांतील गावे त्याने जोडली. त्यापूर्वी येथे पैलतीरास जावयाचे तर नाव, नाहीतर लांबचा वळसा. पुलाने लोकांचे कष्ट वाचले ही मोठीच गोष्ट झाली. तथापि ज्याच्या नावेत बसून बाजाराला जाणारी बाई, शाळेला जाणारा मुलगा, आजाऱ्याला नेणारा भाऊ असे सगळे पार होत, त्या नावाड्याचा धंदा मात्र पालटला. आता त्याच्या नावेत कामाचे उतारू थोडे व हौसेचे अधिक. म्हणूनच आपण दिलेल्या भाड्याला मोल आहे. त्यात घासाघीस करू नये.

या नावाड्यांपैकी व मासेमारांपैकी पुष्कळजण ढिवर समाजाचे असतात. भंडारा-गोंदियाकडच्या नद्या व तलाव यांची त्यांना जी माहिती आहे ती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. कोणत्या नक्षत्राला मासा चढतो, कोणत्या गवतात तो अंडी घालतो, मरळ कोठे दडते, शिंगाळ्याचा काटा कसा टाळावा, हे त्यांच्या घरातले दहा वर्षांचे पोरही सांगते. सकाळी लवकर पोहोचलात तर जाळी झाडण्याचे काम चाललेले दिसेल. तेथे थोडा वेळ बसावे, विचारावे, ऐकावे. मासे घ्यावयाचे असतील तर दुकानात न जाता तेथेच घ्यावेत. ताजे झिंगे पाहून आमच्याकडील गृहिणींचे डोळे विस्फारतील, हे आम्ही खात्रीने सांगतो. मात्र मासे घरी नेण्याचा विचार असेल तर बर्फाची सोय आधी करावी. एवढा लांबचा प्रवास आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते सहलीच्या लेखात शोभेल की नाही, असा आम्हांस क्षणभर विचार पडला. परंतु ते सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही. ज्या विस्तीर्ण पाण्यावर आपण फिरतो ते निसर्गाचे सरोवर नव्हे. पवनीच्या वरच्या अंगास गोसीखुर्द येथे वैनगंगेवर जे धरण झाले, त्याचा हा फुगारा आहे. त्या धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. सव्वाअकरा किलोमीटरहून अधिक लांबीचे, ३३ दरवाजांचे हे प्रचंड धरण. नागपूर, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीस पाणी देण्याचा त्याचा उद्देश. आरंभी ३७२ कोटी रुपयांचे म्हणून जे काम हाती घेतले, त्याचा खर्च पुढे हजारो कोटींवर गेला आणि पूर्ण क्षमतेने पाणी साठण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. या पाण्याखाली नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील कित्येक गावे, शेते, विहिरी, आंब्याची झाडे, देवळे आणि स्मशाने गेली. माणसे नव्या वसाहतींत गेली. मोबदला, घरासाठी जागा, नोकरी यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

काठावरच्या एका वृद्ध गृहस्थांशी आमचे बोलणे झाले होते. पाण्याकडे बोट करून ते म्हणाले, ‘ते बगळे बसले आहेत ना, तेथे आमची बांधी होती. धानाची. विहीर तिच्या थोडी अलीकडे.’ आवाजात राग नव्हता. जसे कोणी आपल्या गावातला रस्ता सांगावा, तसे त्यांनी सांगितले. मग त्यांनी आम्हांस चहा पाजला. पाण्यावर फिरताना दिसले नसते असे काही आम्ही त्या दिवशी पाहिले, ते केवळ काठावर उतरलो म्हणून.

धरणे नसावीत असे आमचे म्हणणे नाही. कोरड्या शेतात पाणी आले तर पोरांच्या पोटात अन्न जाते, हे कोरडवाहू मुलखातल्या आम्हा लोकांस कोणी शिकवावयास नको. म्हणणे एवढेच, की आपण ज्याच्यावर मौज करतो ते पाणी कोणाच्या तरी उंबरठ्यावरून वाहते आहे, याचे भान असावे. तेवढे भान असले म्हणजे मोठमोठ्याने गाणी लावून नाव फिरवावीशी वाटत नाही आणि खाद्याच्या पिशव्या पाण्यात टाकण्यास हात धजत नाही. पुनर्वसित गावातून जाण्याचा प्रसंग आला तर तेथील दुकानातून काही घ्यावे, दोन शब्द बोलावेत. दया दाखवू नये, विचारपूस करावी.

दुपारचे जेवण झाल्यावर भंडारा शहर पहाण्यास दोन तास पुरतात. हे पितळेचे गाव. भंडारा हे नावच मूळ ‘भाणारा’ असल्याचे सांगतात. रतनपूरच्या जुन्या शिलालेखात ते नाव आले आहे, आणि भाण म्हणजे पितळ असा त्याचा संबंध लावतात. आपल्या आज्यांच्या रांधणघरातील घागरी-गुंड यांतील कितीतरी येथल्या ठोकणीतून निघालेले असतील. स्टीलने व पुढे प्लास्टिकने तो धंदा पार खालावून टाकला. तरी बाजारात पितळेची दुकाने दिसतात. एखादा तांब्या किंवा समई घेतली तर घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तांदळाचा हा जिल्हा असल्याने चिन्नोर तांदूळही अवश्य घ्यावा. त्याचा भात शिजू लागला की शेजाऱ्यास निमंत्रण द्यावे लागत नाही. कापडाची आवड असणाऱ्यांनी मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या कोशाच्या विणकामाची चौकशी करावी. मुलांस खांब तलावाचा काठ आवडेल.

ज्यांना मुक्काम करणे शक्य आहे त्यांनी दुसरा दिवस पवनीसाठी राखावा. धरणाच्या खालच्या अंगास, वैनगंगेच्या काठी वसलेले हे प्राचीन नगर. जुना तट, भव्य दरवाजा आणि नदीवरचे घाट अजून उभे आहेत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले तेव्हा टेकडीखाली इसवी सनापूर्वीच्या काळातील बौद्ध स्तूप, कोरीव स्तंभ व ब्राह्मी लेख मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदूरचे लोक या काठावर उतरत होते, दान देत होते, नाव कोरून ठेवीत होते. घाटावर फिरताना एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी : वर धरण आहे. दरवाजे उघडले की पात्रातील पाणी पाहता पाहता चढते. भोंगा वाजो न वाजो, पात्रातील खडकांवर जाऊन बसू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्याकडची. अंभोऱ्याच्या पाण्यावर जलपर्णीचे हिरवे थर दिसतात आणि काही ठिकाणी वासही येतो. तेथील लोक सांगतात, नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व कन्हानेतून येथे येते. ते खरे आहे, आणि ऐकताना आपणांस नागपूरकरांचा राग येतो. परंतु याच लेखात आम्ही वर काय लिहिले? जामही कन्हानेसच मिळते. पांढुर्ण्याच्या पुलावरून जी पिशवी खाली टाकली, बागेत मारलेल्या औषधाचा जो डबा ओढ्यात धुतला, पोळ्याच्या बाजारानंतर जो केर नदीकाठी लोटला, तो पहिल्या पुराबरोबर त्याच दिशेने निघतो. त्या वृद्ध गृहस्थांच्या बुडालेल्या बांधीवर शेवटी तोही जाऊन बसतो. आपण वरच्या आळीतले. वरच्या आळीने घाण पाणी सोडले तर खालच्या आळीने कोणाकडे दाद मागावी?

म्हणून वाचकहो, यंदाची सहल अवश्य काढा. जाकीट घाला, टोपी घ्या, पिण्याचे पाणी घरून न्या आणि केर घरी परत आणा. नावेत अर्धा तास बसा व काठावर अर्धा दिवस घालवा. परत आल्यावर मुलांनी ‘पाणी पाहिले’ एवढेच सांगितले तर समजावे, की पुन्हा एकदा जावे लागेल. आणि त्यांच्यापैकी एखाद्याने येत्या पोळ्याला जामच्या पुलावर उभे राहून हातातली पिशवी खाली न टाकता खिशात घातली, तर सहलीचा खर्च वसूल झाला म्हणून वहीत लिहून ठेवण्यास हरकत नाही.